जहाजवाल्या मास्तरांचे दात

खोली भाड्यानं द्यायच्या आधी ज्यानं माझी जीभ पाहिली, असा घरमालक मला आयुष्यात एकच भेटला.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. वर्ध्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला मी नुकताच रुजू झालो होतो आणि रामनगरात खोली शोधत होतो. कुणीतरी या घराचा पत्ता सांगितला आणि सांगताना हसला. का हसला ते तिथं गेल्यावर कळलं. पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि भर मे महिन्यात गळ्याला मफलर, अशा एका उंच माणसानं मला अंगणातल्या स्टुलावर बसवलं. चमच्याचा दांडा जिभेवर दाबून घसा पाहिला. एक डोळा झाकून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. मग कडुनिंबाच्या आड जाऊन तो काहीतरी पुटपुटला. काय ऐकू आलं ते मी मोठ्यानं सांगायचं होतं. शेवटी छातीला कान लावून श्वास घ्यायला, धरायला, सोडायला सांगितलं आणि घराकडं तोंड करून म्हणाला, "फिट आहे. चाबी आन वो."

चावी घेऊन आलेल्या त्यांच्या बायको, म्हणजे काकू, मान खाली घालूनच उभ्या होत्या. दोन-चार दिवसांनी पाणी भरताना त्या मला हळूच म्हणाल्या, "मनावर नका घेऊ सर. दुसऱ्याले तपासलं का याईच्या छातीतली धडधड कमी होते."

गावात त्यांना जहाजवाले मास्तर म्हणत. खरं नाव सांगून आता कुणाचं भलं होणार नाही, म्हणून मीही मास्तरच म्हणतो. तरुणपणी ते नागपुरात ट्रम्पेट शिकले, तिथून मुंबईला गेले, हॉटेलांत वाजवलं. तिथल्या एका गोव्याच्या बँडलीडरला त्यांचं वाजवणं आवडलं आणि त्यानं त्यांना आपल्यासोबत जहाजावर नेलं. परदेशी लोकांच्या सहलीचं जहाज. संध्याकाळी जेवताना आणि जेवणानंतर नाचताना वाजवायचं. काही महिन्यांचा करार असायचा. तो संपला की मास्तर वर्ध्याला परत, आणि पुढच्या कराराची वाट पाहणं सुरू.

समुद्राबद्दल विचारलं तर ते म्हणत, "पानी आहे. दुसरं काय राहीन?" बंदरांची नावं त्यांना धड आठवत नसत. बोलायला लागत ते मुंबईच्या डॉक्टरबद्दल. जहाजावर चढणारा प्रत्येक माणूस, मग तो स्वयंपाकी असो की वाजवणारा, आधी त्या डॉक्टरपुढं उभा राहायचा. छातीचा एक्सरे, रक्त, लघवी, डोळे, कान, दात, सगळं तपासून तो 'फिट' लिहायचा, तरच जहाज. हा सगळा खर्च ज्याचा त्यानं करायचा. 'अनफिट' लिहिलं तरी पैसे गेलेच. 'फिट' लिहिलं आणि त्या मोसमात जहाजानं बोलावलंच नाही, तर दाखल्याची मुदत संपून जायची आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सगळं.

"डाक्टर छाती ऐकते सर," मास्तर म्हणायचे, "वाजवनं नाई ऐकत."

त्यांचं सगळं आयुष्य त्या एका तपासणीभोवती फिरायचं. डोळ्यांसाठी गाजरं. पायांसाठी पहाटे पवनारच्या रस्त्यानं फिरणं. कापसाच्या दिवसांत गावभर रुई उडायची, तेव्हा ते नाकातोंडाला ओलं फडकं बांधून हिंडायचे आणि बाजाराचा रस्ता टाळून लांबून जायचे, का, तर एक्सरेत डाग दिसेल. त्यांच्यासमोर कुणी तंबाखू मळायला लागलं की उठून जायचे. घराच्या खोल्यांना ते केबिन म्हणत. मी शाळेतून शिंकत आलो तर दोन दिवस माझ्याशी खिडकीतून बोलत.

आमच्या परसात दोन हातांवरच एक भिंत होती. भिंतीपलीकडं मोठं आवार, पेरूचं झाड, विहीर. एकदा कपडे वाळत घालताना मी सहज म्हणालो, की ही भिंत जरा जास्तच जवळ बांधली आहे. काकू म्हणाल्या, ते सगळं आमचंच होतं. मग थोडं थांबून म्हणाल्या, "तिकडचा पेरू एक्सरेत गेला, आन् विहीर रक्तात." त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही हसलो नाही.

मी राहायला येण्याच्या आधी एकदा डॉक्टरनं त्यांना परत पाठवलं होतं. आजार कसलाच नव्हता. नाडी फार जलद चालते, एवढंच कारण. ती जलद चालत होती ती डॉक्टरच्या भीतीनं. पण हे डॉक्टरला कसं पटवायचं? त्या खेपेपासून मास्तर दिसेल त्याला तपासायला लागले. दूधवाला, पोस्टमन, शेजारची सून, कुणी सुटलं नाही. लोक हसत, पण जीभ दाखवत. तपासणीची सवय झाली की भीती जाईल, असं मास्तरांना वाटत असावं.

वाजवायला मात्र ते गावाबाहेर जायचे. रेल्वेच्या रुळांपलीकडं मोकळी जागा होती, तिथं. एकदा मला सोबत नेलं. दिवस कलला होता. मला संगीतातलं काही कळत नाही. त्यांनी आधी नुसता एकच लांब सूर धरला. इतका वेळ, की आता हा माणूस पडतो की काय असं वाटलं. मग त्या सुरातूनच एक चाल निघाली, संथ आणि उदास. शेतातून परतणाऱ्या एकानं बैलगाडी थांबवली आणि बैलांच्या पाठीवर हात ठेवून तो ऐकत बसला. बैलही उभे राहिले. वाजवून झाल्यावर मास्तरांनी रुमालानं ट्रम्पेट पुसला, पेटीत ठेवला आणि लगेच पुन्हा नेहमीसारखे होऊन मला म्हणाले, "तुमचा घसा लाल दिसून राह्यला सर. मिठाच्या पान्यानं गुळन्या करा." त्या पाच-दहा मिनिटांत मी पाहिलेला माणूस मला पुन्हा घरात कधी दिसला नाही.

ऐंशी साल उलटलं. मास्तरांची पन्नाशी जवळ आली. दोन मोसम बोलावणं नव्हतं. मग एका दिवाळीच्या तोंडावर बँडलीडरचा निरोप आला, की जहाज लागतंय, तुझी जागा ठेवली आहे, तपासणी करून ये. काकू माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. आत मात्र आल्या नाहीत.

"सर, तुमाले सुट्या आहेत. जाऊन याल का यांच्यासंगं? मांगं एकटेच गेलते. परत आले त कितीक दिवस बोललेच नाई."

मी गेलो. डॉक्टरचा दवाखाना फोर्टात एका जुन्या इमारतीत होता. बाकावर रांगेनं माणसं बसली होती, बहुतेक खलाशी आणि आचारी, प्रत्येकाच्या हातात एक्सरेचा मोठा लिफाफा. मास्तर डोळे मिटून बसले होते. ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील म्हणून मी जरा वाकून ऐकलं, तर ते श्वास मोजत होते.

नाडी त्या दिवशी ठीक निघाली. छाती साफ, डोळे ठीक, कान ठीक. मास्तरांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच हसू पाहिलं. मग डॉक्टरनं तोंड उघडायला सांगितलं, हिरडी दाबली, आणि बोटाला लागलेलं कापसाला पुसलं. वरचे पुढचे चारही दात हलत होते. पायोरिया. हिरडीत पू होता. जहाजावर दाताचा डॉक्टर नसतो, भर समुद्रात हे वाढलं तर कंपनीला माणूस मधल्याच बंदरावर उतरवावा लागतो, म्हणून असे दात असलेला माणूस सोडता येत नाही, असं त्यानं शांतपणे समजावून सांगितलं. इलाज करायचा तर कित्येक महिने लागतील आणि दात वाचतीलच असं नाही. काढून टाकले तर मात्र सही आठवड्याच्या आत.

मी म्हणालो, "डॉक्टर, हे ट्रम्पेट वाजवतात. पुढच्या दातांच्या आधाराशिवाय ओठ टिकत नाही."

"ते कंपनी बघेल," डॉक्टर म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. सगळं मराठीत सांगत होता, घाई करत नव्हता. "माझ्याकडं तोंड आलंय, मी तोंड बघतो."

बाहेर येऊन मास्तर जिन्याच्या पायरीवर बसले. माणसं त्यांना वळसा घालून वर-खाली जात होती. मी म्हणालो, आपण घरी जाऊ, सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवू, इलाज करू, पुढच्या मोसमात येऊ. ते म्हणाले, पुढच्या मोसमात मी कंपनीच्या वयाच्या अटीत बसत नाही. मग त्यांनी जिभेनं पुढचे दात चाचपून पाहिले.

"लावलेल्या दातानं वाजवनारे असते सर."

"तुम्ही पाहिलेत?"

ते उठले, पँट झटकली, आणि डॉक्टरनं सांगितलेल्या दातांच्या दवाखान्याकडं माझ्या पुढं चालू लागले. त्यांना मागं ओढावं असं मला वाटलं. पण तो माणूस मागची कितीतरी वर्षं फक्त या एका सहीसाठी जगला होता, आणि मी त्याला कोणत्या तोंडानं थांबवणार होतो?

चारही दात काढले. दाढांमध्ये कापसाचा बोळा धरून ते बाहेर आले, तेव्हा वरचा ओठ आत गेला होता आणि चेहरा एकदम दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. तीन-चार दिवस आम्ही एका धर्मशाळेत राहिलो. मी त्यांना पेज आणून द्यायचो. मग डॉक्टरनं हिरडी पाहून सही केली. फिट.

बँडलीडर आता स्वतः जहाजावर जात नसे, नुसती वाजवणारी माणसं निवडून पाठवायचा; धोबीतलावला गोव्याच्या लोकांच्या एका खोलीवर राहायचा. म्हातारा खिडकीशी बसून बूट पुसत होता. मास्तर दारात उभे राहिले आणि त्यांनी दाखला पुढं केला.

"फिट हूं, बॉस," ते म्हणाले. सुजलेल्या ओठांतून 'फ' नीट निघाला नाही.

म्हातारा उठला. त्यानं दाखल्याकडं पाहिलंच नाही. मास्तरांची हनुवटी हातात धरून तोंड उजेडाकडं वळवलं, अंगठ्यानं ओठ वर केला, आणि पाहत राहिला. मग सोडून दिलं.

"पहले मेरे पास काहे को नहीं आया?" एवढंच तो म्हणाला.

त्यानं आम्हाला चहा पाजला. ट्रम्पेटची पेटी मास्तरांच्या मांडीवर होती; ती उघड असं तो म्हणाला नाही, आणि मास्तरांनीही उघडली नाही. निघताना त्यानं दाखला घडी करून मास्तरांच्या खिशात परत ठेवला आणि वरून खिसा थोपटला. जहाज आठवड्याभरात गेलं. मास्तरांच्या जागी वांद्र्याचा एक तरुण वाजवणारा गेला, असं मागून कळलं.

परतीच्या गाडीत भुसावळला मी दूध घेतलं, ते त्यांनी घेतलं. घरी काकूंनी दार उघडलं, तोंडाकडं पाहिलं, आणि काही न विचारता आत जाऊन भात जास्त शिजवायला ठेवला, मऊ व्हावा म्हणून.

हिरड्या भरल्यावर वर्ध्यातच कवळी करून घेतली. मग दुपारी दार लावून ते वाजवायला बसू लागले. माझ्या खोलीला लागूनच भिंत होती, सगळं ऐकू यायचं. हवा यायची, सूर यायचा नाही. कधी आला तरी लगेच फाटायचा. ट्रम्पेट ओठांवर दाबला की कवळी सरकत असणार. ते वाजवायला बसले की काकू स्वयंपाकघरात भांडी घासायला काढायच्या, स्वच्छ असलेलीसुद्धा, आणि मोठ्यानं आपटायच्या. आपण ऐकतो आहोत असं मास्तरांना वाटू नये म्हणून. एका उन्हाळ्याभर हे चाललं. मग एक दिवस भांड्यांचा आवाज आला नाही, तेव्हा मला कळलं की आता आत कुणी वाजवत नाही.

त्यांचं तपासणंही थांबलं. बाजूच्या खोलीत नवा भाडेकरू आला, त्याला त्यांनी मान वर न करता चावी दिली.

घरात कमाई नव्हती. दोन खोल्यांच्या भाड्यावर काय भागणार? अशात बाजाराजवळच्या एका बँडवाल्याचा माणूस घरी आला. लग्नाच्या वरातीत बँडची माणसं जितकी जास्त, तितका त्याचा भाव जास्त. म्हणून प्रत्येक बँडवाला दोन-चार माणसं नुसती उभी करायला ठेवतो. ती गणवेश घालतात, वाद्य तोंडाला लावतात, गाल फुगवतात, वाजवत नाहीत. तुमच्याजवळ स्वतःचा ट्रम्पेट आहे, उंची आहे, तुम्ही उभे राहिलात तर आमच्या बँडला शोभा येईल, असं तो अदबीनं म्हणाला. मास्तर लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच, की तो माणूसच गडबडला.

मी त्यांना त्या गणवेशात पाहिलं ते जाम गावाच्या चौकात. आमच्या शाळेतल्या एका शिक्षकाच्या बहिणीचं लग्न होतं. नागपूरकडून आणि चंद्रपूरकडून येणारे ट्रक चौकात वळत होते आणि रस्त्याच्या कडेनं वरात येत होती. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुपके. सगळ्यात पुढं मास्तर, ट्रम्पेट तोंडाला. मी जवळ गेलो. त्यांच्या बोटांखालच्या कळा चालीबरोबर दाबल्या जात होत्या, एकही चुकत नव्हती. आवाज मागच्या दोघांच्या ट्रम्पेटमधून येत होता.

नवरदेवाचा काका पिऊन नाचत होता. त्यानं हात वर करून बँड थांबवला आणि मास्तरांपुढं येऊन उभा राहिला.

"हा बुढा पुढं आहे ना, हा एकटा वाजवीन. बाकीच्याईनं चूप राहाचं."

बँडवाला मध्ये पडला, काहीतरी सांगू लागला, तर काकानं त्याला बाजूला सारलं. लोक गोळा झाले. मास्तरांनी ट्रम्पेट खाली घेतला. मला वाटलं, ते आता निघून जातील. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, ओळखलंही असावं. मग दोन बोटं तोंडात घालून कवळी काढली आणि तळहातावर ठेवून काकाच्या पुढं धरली. बोळक्या तोंडानं हसले.

हशा पिकला. काका तर हसून हसून खाली बसला. त्यानं खिशातून नोट काढली आणि त्या दातांवर ठेवली.

त्या दिवसापासून तो त्यांचा आयटमच झाला. वरात चौकात आली की लोक ओरडायचे, बुढ्या, दात दाखव. आधी ते मागणी आल्यावर दाखवायचे, मग आपणहून दाखवू लागले. कवळी ट्रम्पेटच्या तोंडात ठेवायची, पुन्हा बाहेर काढायची, तिच्याशी बोलायचं, असं काहीबाही त्यात वाढवलं. बँडवाल्यानं त्यांना जास्त पैसे द्यायला सुरुवात केली. गावात त्यांना आता जहाजवाले कुणी म्हणत नव्हतं. काकूंपर्यंत हे पोचलं नसेल असं मी समजत होतो. बाहेर त्या फारशा जात नसत.

मग आमच्याच गल्लीत लग्न निघालं. संध्याकाळी वरात आमच्या घरासमोर आली आणि गल्लीतल्याच लोकांनी, ज्यांनी एकेकाळी या अंगणात येऊन जीभ दाखवली होती, त्यांनी ओरडायला सुरुवात केली. मास्तर घराकडं पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी तोंडाकडं हात नेला.

काकू बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर नीट केला, पायऱ्या उतरल्या, आणि नाचणाऱ्यांमधून वाट काढत सरळ त्यांच्यापाशी गेल्या. त्यांनी मास्तरांच्या लाल कोटाची बाही धरली. बँडवाला पुढं आला तर म्हणाल्या, "याईले मी घरी नेऊन राह्यली. कोट धुवून पाठवतो." इतकं हळू, की पुढच्या लोकांनाच ऐकू आलं असेल. कुणी हसलं नाही. बँडनं पुढची चाल सुरू केली आणि वरात पुढं गेली.

मी मागोमाग अंगणात गेलो. मास्तर स्टुलावर बसले होते. काकू त्यांच्या कोटाची बटणं काढत होत्या.

"तुले समजत नाई," मास्तर म्हणाले. "लोकं माह्यावर नाई हसत. मी त्याईले हसवतो. फरक असते."

काकूंनी शेवटचं बटण काढलं, कोट त्यांच्या खांद्यांवरून उतरवला आणि हातावर घेतला.

"नसते," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काकू कोट घेऊन मोरीकडं गेल्या आणि बादलीत पाणी सोडल्याचा आवाज आला.